फराळाच्या टेबलावरचा फोटोंचा कंदील

गॅलरीत टांगलेल्या आकाशकंदिलाचा आनंद रस्त्यावरच्यांना जास्त आणि घरातल्यांना कमी मिळतो. फराळाला बसलेल्यांसाठी टेबलाच्या मधोमध ठेवता येईल असा एक बुटका, सहा बाजूंचा कंदील घरी करता येतो. त्याच्या प्रत्येक बाजूला खिडकी आणि खिडकीत घरातला एक फोटो. कापाकापी सोपी आहे. वेळ जातो तो फोटो निवडण्यात.

फोटो कोणते घ्यावेत

कंदिलातल्या फोटोला उजेड मागून मिळतो. त्यामुळे रात्री मांडवात काढलेला, अल्बममध्ये झकास दिसणारा फोटो इथे नुसता काळा ठोकळा होतो. मागे आकाश, चुन्याची भिंत किंवा स्टुडिओतला फिकट पडदा असेल तर चेहरे छान उजळतात. आजी-आजोबांचा स्टुडिओतला कृष्णधवल जोडफोटो म्हणूनच बहुधा बाजी मारतो. एका खिडकीत एक-दोनच चेहरे असावेत. मुंजीतला तीस जणांचा घोळका सात सेंटिमीटरांत कुणाला ओळखू येणार?

एक नाजूक बाब. गेलेल्यांचे आणि हयात माणसांचे फोटो शेजारीशेजारी लावणं कित्येक घरांत वडीलधाऱ्यांना रुचत नाही. त्यांना आधी विचारावं. माझ्या मते तर हार घालून भिंतीवर लावलेला फोटो इथे घेऊच नये. तेच आजोबा सायकलवर बसलेले किंवा नातवाला खांद्यावर घेतलेले सापडले, तर नाराजीही बरीच मावळते.

प्रत काढताना

मूळ फोटो कापू किंवा चिकटवू नये. जुना छोटा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला असेल तर ओढून काढू नका, पापुद्रा सुटून येतो. काचेसकटच स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने टिपा. परगावच्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे त्याचा दर्जा टिकतो.

मग उजळपणा थोडा वाढवून ८ × १२ सेंटिमीटरचे फोटो ट्रेसिंग पेपरवर छापून घ्यायचे. एका ए-फोर कागदावर चार बसतात, म्हणजे दोन कागदांत काम होतं. छपाई लेझर प्रिंटरवरच करावी. इंकजेटची शाई ट्रेसिंगवर लवकर वाळत नाही आणि बोट लागलं की पसरते. फार पातळ ट्रेसिंग मशीनमध्ये अडकतो, म्हणून ९० जीएसएमच्या आसपासचा मागावा. छापलेला कागद दिवसा खिडकीच्या काचेवर धरून पाहा. तिथे चेहरा हरवला तर कंदिलातही हरवणार.

सांगाडा

२२ × २८ इंची जाड कार्डशीट घ्या. लांब बाजूने ६१.५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर उंच पट्टी कापा. दर १० सेंटिमीटरवर उभी रेघ मारली की सहा भाग होतात आणि शेवटी दीड सेंटिमीटरची जोडपट्टी उरते. रेघांवर फूटपट्टी धरून, शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवा. घडी सरळ पडते. प्रत्येक भागात ७ × ११ सेंटिमीटरची खिडकी कटरने कापा. कटर मोठ्यांच्याच हातात असावा. मुलांना झिरमिळ्या कातरायला द्याव्यात, त्या जितक्या वेड्यावाकड्या तितक्या बऱ्या.

फोटो आतून लावायचे, तेही डबल टेपने आणि फक्त वरच्या-खालच्या कडांना. पातळ केलेला फेव्हिकॉल किंवा खळ ट्रेसिंगला सोसत नाही. ओल लागली की कागद सुरकुततो.

तळासाठी दप्तरातला कंपास काढा. १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून तेच अंतर परिघावर सहा वेळा टाकलं की षटकोन तयार. तो कणभर लहान कापून आत नुसता बसवा, कंदील तिरका होत नाही. पट्टीची टोकं चिकटवण्याऐवजी वर-खाली पेपर क्लिप लावा.

उजेड आणि मांडणी

आत सेलवरचे पिवळसर एलईडी दिवे ठेवा, पांढऱ्या उजेडात जुने फोटो निस्तेज वाटतात. खरी पणती आत ठेवायची नाही. सगळा कागदाचा मामला आहे आणि टेबलाभोवती मुलं असतात. कंदील पितळी तबकात ठेवून भोवती झेंडू मांडावा, पण फुलं पुसून, कारण ओल्या देठांनी कार्डशीट खालून फुगते. अठरा सेंटिमीटर उंचीवरून समोर बसलेल्याचा चेहराही दिसतो, म्हणून कंदील याहून उंच करण्याचा मोह टाळावा.

भाऊबीजेला बहीण-भावांच्या लहानपणीचे फोटो पुढच्या बाजूला फिरवून ठेवता येतात.

दिवाळी संपली की क्लिप काढून पट्टी दुमडायची आणि मोठ्या पाकिटात सपाट ठेवायची. पुढच्या वर्षी घरात बाळ आलं किंवा नवी सून आली, तर डबल टेप सोडवून एक खिडकी बदलायची.