पेप्टाइडे व वसा-चयापचय, कामाच्या जनावरांतील

दोन किंवा अधिक ॲमिनो अम्ले एकमेकांस जोडली जाऊन बनलेल्या लहान साखळीस पेप्टाइड म्हणतात. एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) साहाय्याने प्रथिनांचे अंशतः जलीय विच्छेदन केले म्हणजे पेप्टाइडांचे मिश्रण मिळते. सोयाबीन, मासळी व दूध यांतील प्रथिनांपासून अशी मिश्रणे तयार करून ती पूरक आहार म्हणून वापरतात. श्रम करणाऱ्या प्राण्याच्या शरीरातील वसेचा (चरबीचा) इंधन म्हणून होणारा वापर त्यांमुळे वाढतो काय, या प्रश्नाचा अभ्यास मुख्यत्वे उंदरांसारख्या साध्या जठराच्या प्राण्यांवर झालेला आहे. त्याचे निष्कर्ष बैलासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ बैलाच्या उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होतो.

गवळाऊ बैल : ही जात वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत, तसेच नागपूर आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी व बालाघाट या जिल्ह्यांत आढळते. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे तिच्या संवर्धनासाठी शासकीय पशुपैदास क्षेत्र स्थापन करण्यात आले. बैल पांढरे वा करडे, हलक्या बांध्याचे व चपळ असून वखरणी, पेरणी, डवरणी आणि बंडी ओढणे या कामांसाठी वापरले जातात. विदर्भातील शंकरपट या शर्यतींतही चपळ बैलांना मागणी असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली होती. महाराष्ट्राने केलेली कायद्यातील दुरुस्ती त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरविली.

श्रमातील इंधन : पटातील धाव काही सेकंदांत संपते. तीसाठी लागणारी ऊर्जा प्रामुख्याने स्नायूंत आधीच असलेली ऊर्जासंपन्न फॉस्फेटे व ग्लायकोजेन (प्राणिज स्टार्च) यांपासून मिळते. दिवसभराच्या वखरणीत मात्र वसेचा वाटा वाढत जातो. ॲड्रेनॅलीन या हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण वाढून व इन्शुलिनाचे घटून वसा ऊतकातील साठ्याचे विघटन होते. मुक्त झालेली वसाम्ले रक्तावाटे स्नायूंत पोहोचतात. तेथील कलकणूंमध्ये (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांमध्ये) त्यांचे ऑक्सिडीभवन होते. लांब साखळीच्या वसाम्लांना कलकणूंत शिरण्यास कार्निटीन हे संयुग लागते. ते पेप्टाइड नसले, तरी शरीरात लायसीन व मिथिओनीन या ॲमिनो अम्लांपासून तयार होते. एक ग्रॅम वसेपासून सु. ९ किलोकॅलरी, तर एक ग्रॅम कार्बोहायड्रेटापासून सु. ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यामुळे अंगावरील वसा हा दीर्घ श्रमाचा राखीव साठा होय. [→ चयापचय].

साध्या जठराच्या प्राण्यांतील प्रयोग : लहान आतड्यातील कोशिका दोन वा तीन ॲमिनो अम्लांची पेप्टाइडे अखंड शोषून घेऊ शकतात. या कामी उपयोगी पडणाऱ्या एका वाहक प्रथिनाची जनुकीय ओळख १९९४ मध्ये पटली. शोषणानंतर बहुतेक पेप्टाइडांचे आतड्याच्या कोशिकांतच ॲमिनो अम्लांत विघटन होते. उंदरांवरील काही प्रयोगांत अशा आहाराने साठलेली वसा घटल्याचे वा श्रमानंतर ग्लायकोजेनाचा साठा वाढल्याचे आढळले आहे. तथापि प्रथिनाचा प्रकार, मात्रा आणि उरलेला आहार यांनुसार परिणाम बदलतात.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांतील भेद : बैलाने खाल्लेले अन्न आतड्यापूर्वी रोमंथिकेत (जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) जाते. तेथील सूक्ष्मजीव प्रथिनांचे पेप्टाइडे, ॲमिनो अम्ले व शेवटी अमोनिया यांत रूपांतर करतात आणि त्यांपासून स्वतःची प्रथिने बनवितात. खाऊ घातलेल्या पेप्टाइडांचा मोठा भाग अशा रीतीने आतड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाहीसा होतो. स्टार्च व शर्करा आंबविणारे सूक्ष्मजंतू पेप्टाइडांचा उपयोग करून घेतात. परंतु कडब्यातील तंतुमय भाग पचविणाऱ्या सूक्ष्मजंतूंना मुख्यत्वे अमोनियाच लागतो. या आंबण्याच्या क्रियेतून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही बाष्पनशील अम्ले निर्माण होतात व बैलाच्या ऊर्जेचा सु. ७०% भाग त्यांपासून मिळतो. प्रोपिऑनिक अम्लापासून यकृतात ग्लुकोज तयार होते, तर ॲसिटिक अम्ल स्नायूंत जाळले जाते किंवा वसा बनविण्यास वापरले जाते. म्हणजेच बैलातील वसा-चयापचयावर आहारातील नायट्रोजनाचा प्रभाव पडतो, तो प्रामुख्याने या सूक्ष्मजीवांच्या द्वारे होय.

वर्धा भागातील आहार : या भागातील बैलांचा मुख्य चारा ज्वारीचा कडबा व तूर, हरभरा यांचे कुटार हा आहे. कडब्यात प्रथिनांचे प्रमाण अल्प असते. एकूण आहारात ते सु. ७ टक्क्यांच्या खाली गेले, तर सूक्ष्मजीवांची वाढ खुंटते, चारा सावकाश पचतो व जनावर कमी खाते. उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई असते आणि मृगाचा पाऊस पडताच पेरणीचे सर्वांत कष्टाचे काम सुरू होते. कामाच्या दिवशी बैलास ऊर्जा सु. दीडपट लागते; प्रथिनांची गरज मात्र त्या मानाने फारशी वाढत नाही. ऊर्जेची तूट अंगावरील वसेतून भरून काढली जाते. उन्हाळ्यात हा साठा संपलेला बैल ऐन पेरणीत स्नायूंतील प्रथिने जाळू लागतो व थकतो. दुसरी जोडी नसलेल्या शेतकऱ्याची पेरणी त्यामुळे लांबते. अशा बैलाची वसा अधिक जाळणे हे पूरक आहाराचे उद्दिष्ट असू शकत नाही; ती पेरणीपूर्वी साठविणे हे असते.

वर्धा जिल्हा कापूस पिकविणारा असल्याने सरकीची ढेप येथे सहज मिळते. तिच्यातील प्रथिनांचा काही भाग रोमंथिकेत विघटित होऊन सूक्ष्मजीवांना नायट्रोजन पुरवितो आणि उरलेला आतड्यात पचतो. १०० किग्रॅ. वाळल्या चाऱ्यावर ४ किग्रॅ. युरियाचे पाण्यातील द्रावण शिंपडून चारा सु. तीन आठवडे हवाबंद ठेवल्यास त्याची पचनीयता व नायट्रोजनाचे प्रमाण वाढते. युरिया तसाच खाण्यात आल्यास मात्र विषबाधा होते. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. प्रौढ बैलाच्या रोमंथिकेत त्याचा बराच भाग निष्प्रभ होतो. रोमंथिका पूर्ण विकसित न झालेल्या वासरांना मात्र ढेप देणे टाळतात. कामाच्या हंगामापूर्वी सु. दोन महिने ढेप व पुरेसा चारा चालू ठेवून फासळ्या, पाठीचा कणा व शेपटीचे मूळ यांवरील मांस-वसेचा थर हाताने चाचपून पाहिल्यास बैलाच्या राखीव साठ्याचा अंदाज येतो.