कॉफी सोडायची, पण मशीन विकायचं नाही



आपण मूळचे चहावाले लोक. कोकणात असो की मुंबईत, सकाळ उजाडायची ती चहानेच. कॉफी व्हायची ती कधीमधी, भरपूर दुधाची, वर जायफळ किसून, आणि तीही बहुधा पाहुणा आला म्हणून किंवा रात्री जागायचं आहे म्हणून. इस्राएलला आल्यावर 'बोत्स' प्यायला शिकलो. पेल्यात पूड टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा. बोत्स म्हणजे चिखलच. पुढे डबीतली नेस. आणि आता पुष्कळ पेन्शनरांच्या ओट्यावर एस्प्रेसोचं मशीन येऊन बसलं आहे. मुलांनी निवृत्तीला भेट दिलेलं असतं, आणि वर्षभरात आजोबा त्यात असे मुरतात की शेजारी ग्राइंडर येतो, मग दशांश ग्रॅम दाखवणारा काटा येतो, मग दाणे कुठल्या देशाचे याची चौकशी सुरू होते.

अशा माणसाला डॉक्टरांनी "कॉफी कमी करा" म्हटलं की त्याची पंचाईत सुरू होते. नेस पिणाऱ्याने डबीचं झाकण लावलं की काम झालं. मशीनवाल्याचं तसं होत नाही, कारण त्याला नुसती कॉफी सोडायची नसते. सकाळचा अर्धा तास, हाताला लागलेलं काम आणि दिवसभराचा एक अभिमान, सगळंच सोडावं लागेल असं त्याला वाटतं. मीही या जातीचाच, म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिलानच्या अकिल्ले गाज्जाने १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि युद्धानंतर दांडीची मशीनं बाजारात आणली, तेव्हापासून एस्प्रेसोवर साय यायला लागली. तिला क्रेमा म्हणतात. त्याआधीची यंत्रं वाफेच्या जोरावर चालत. आज घरच्या मशीनमध्ये साधारण ९ बारचा दाब असतो. मुठीच्या चाळणीत १८ ग्रॅम पूड दाबून भरायची आणि २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम कॉफी उतरवायची, हा घरगुती नियम. पूड जाडी राहिली तर पाणी धो धो पळतं आणि कॉफी आंबट लागते. फार बारीक झाली तर थेंब थेंब पडते आणि कडूजहर होते. म्हणून नवीन दाणे आणले की ग्राइंडर जुळवावा लागतो, आणि जुळवताना दोन-तीन कप निघतात. ते ओतून देणार कोण? आपल्या लोकांच्या हातून अन्न टाकवत नाही. चव बघतो म्हणून घोट घोट करत सगळं पोटात जातं.

हिशेब चुकतो तो इथेच. डॉक्टर विचारतात, "दिवसाला किती कप?" आपण म्हणतो, "तीन." पण आपला कप म्हणजे डबल, आणि चव बघायचे घोट आपण धरलेलेच नसतात. म्हणून मशीनवाल्याने कप मोजू नयेत, पुडीचे ग्रॅम मोजावेत. काटा घरात आहेच. अरेबिका दाण्यात वजनाच्या साधारण सव्वा टक्का कॅफीन असतं, रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे १८ ग्रॅम अरेबिकात २०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग कपात उतरतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं सांगितलं. निरोगी हा शब्द त्यात आहे, आणि आपल्या वयात छातीवर हात ठेवून तो शब्द स्वतःला किती जणांना लावता येईल? तीन डबल घेतले की आपण त्या रेषेजवळ पोचलो, रोबस्टाचं मिश्रण असेल तर पार पलीकडे.

आता डोकेदुखी. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठतं आणि ते आपल्याला पेंग आणतं. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. पण रोज कॅफीन मिळालं की मेंदू तशा जागा वाढवतो. मग एक दिवस कॅफीन आलं नाही की अ‍ॅडेनोसिनला मोकळं रान मिळतं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकतं, माणूस मरगळतो, चिडतो. हे शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांनी सुरू होतं, एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त होतं आणि कधी कधी ९ दिवसांपर्यंत रेंगाळतं.

हे तास जरा आपल्या आठवड्यावर ठेवून पाहा. शब्बाथ पाळणारा माणूस शुक्रवारी दुपारनंतर मशीनला हात लावत नाही. शेवटचा कप दोन वाजता झाला असेल तर शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये उभा असताना अठरा-वीस तास होऊन गेलेले असतात. कपाळ दुखायला लागतं आणि दोष जातो उन्हाला, नाहीतर लांबलेल्या प्रार्थनेला. दारफाळणीच्या सणाच्या उपासाला तर हे पुष्कळांच्या ओळखीचं आहे. दुपारनंतर जे डोकं उठतं ते भुकेने आणि पाणी न मिळाल्याने उठतं हे खरं, पण कॉफीबाजांच्या बाबतीत त्यात कॅफीनचा वाटा मोठा असतो. उपासाच्या आधीच्या आठवड्यात कॉफी हळूहळू उतरवली तर तो दिवस पुष्कळ हलका जातो.

आमच्या वयात मात्र डोकेदुखीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे झोप. प्यालेल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, यकृताचा त्रास असेल तर त्याहून जास्त. मांसाच्या जेवणावर दूध चालत नाही, म्हणून रात्री काळी एस्प्रेसो घ्यायची पुष्कळ घरांत सवय आहे. "मला काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो," असं म्हणणारेही खूप. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तर झोप तासाहून जास्त कमी झाली, आणि ते त्या लोकांना स्वतःला नीटसं कळलंही नाही. वर कॅफीनने लघवीची घाई वाढते. रात्री तीनदा अंधारात उठायचं, मग डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागायची, मग गोळीच्या गुंगीत चौथ्यांदा उठायचं. खुब्याची हाडं मोडतात ती अशाच वेळी. माझं स्पष्ट मत आहे, गोळी मागण्याआधी कॉफीचे ग्रॅम मोजा.

औषधांचंही बघायला हवं. थायरॉइडची गोळी आणि कॉफी एकाच वेळी घेतली तर गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्यावा. लोहाच्या गोळीचंही तसंच. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत आणि उपासासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या काही कॅप्सूलांत कॅफीनच असतं, वेष्टनावर वाचून घ्या. आणि जे लिथियम घेतात त्यांनी डॉक्टरांना न विचारता कॉफी एकदम बंद करू नये, रक्तात औषधाचं प्रमाण वाढतं. कुपात खोलिममध्ये गेलात की हा विषय आपणहून काढा.

आता सोडायचं कसं? माझी पद्धत अशी की मशीन जागच्या जागी राहू द्यायचं आणि चाळणीत काय जातं तेवढंच बदलायचं. कॅफीन काढलेले दाणे मिळतात. ही युक्ती ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियुस नावाच्या कॉफी व्यापाऱ्याची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आपल्या वडिलांना अति कॉफीने मारलं अशी त्याची समजूत होती. तो त्यासाठी बेंझिन वापरायचा, जे आज कोणी वापरणार नाही. आता पाण्याने किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनेही कॅफीन काढतात. थोडंसं उरतंच, कपाला काही मिलिग्रॅम, पण ते सोडून द्या.

पहिल्या आठवड्यात १८ ग्रॅममध्ये ४ ग्रॅम डिकॅफ मिसळा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ९ आणि ९. मग १४ आणि ४, आणि सहाव्या आठवड्याला सगळंच डिकॅफ. डोकं दुखलं तर त्याच पायरीवर आणखी एक आठवडा थांबा, घाई कोणाला आहे? रात्रीचा कप आधी बदला, दुपारचा नंतर, सकाळचा सगळ्यात शेवटी. आमच्या घरी निम्म्यापर्यंत बायकोला फरक कळला नाही. पुढे म्हणाली, "आज कॉफी जरा पातळ लागते." तिचं बरोबर होतं. डिकॅफचा दाणा ठिसूळ असतो, पाणी भरभर निघून जातं, म्हणून तो थोडा जास्त बारीक दळावा लागतो. मशीनवाल्याला याहून चांगलं काय हवं? जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून, आणि चव बघायचे चार घोट गेले तरी झोप शाबूत. फक्त डिकॅफ लवकर शिळी होते, तेव्हा किलोचं पाकीट घेऊ नका, पाव किलोच आणा.

एक फसगत आपल्या लोकांत हमखास होते. कॉफी सोडली म्हणून माणूस आनंदाने परत चहाकडे वळतो, आणि आल्याचा कडक चहा दिवसाला सहा वेळा होतो. मोठ्या कपभर चहात साधारण ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, सहा कपांचे ३०० झाले. गवती चहा, आलं, नाना किंवा लुईझा, यांत चहाची पूड न टाकता उकळलंत तर गोष्ट वेगळी. गवती चहा तर इथे कुंडीतही छान येतो.

सगळं सोडून झाल्यावर एखादा खरा कप प्यावासा वाटलाच, तर शुक्रवारी सकाळी प्या, नातवंडं आलेली असताना. सलग तीन-चार दिवस मात्र नको, सवय पुन्हा जडायला तेवढं पुरतं. आणि मशीन काही दिवस बंद राहणार असेल तर टाकीतलं पाणी ओतून टाका. आपल्याकडच्या पाण्यात क्षार फार, आत एकदा पांढरा थर धरला की दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागतं.