हातातून सुटलेलं विमान

आमच्या लालबागच्या चाळीत परवा गटातल्या मुलींनी कागदी पंखांचं विमान सोडलं. ते सरळ तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसलं. काकू आधी ओरडल्या, मग म्हणाल्या, “पुन्हा उडवा बघू!”

या विमानाला इंजीन नाही, रिमोट नाही. एकदा हातातून सुटलं की ते त्याचं त्याचं उडतं. त्यामुळे सगळं शहाणपण सोडण्याआधी लागतं.

गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली विमान उडवलं, असं मुंबईत अजून सांगतात. त्या वेळचा पुरावा मिळत नाही, म्हणून आम्ही मुलींना ती दंतकथा म्हणूनच सांगतो. नोंद आहे ती पॅरिसची. 1871 साली आल्फोन्स पेनो या 21 वर्षांच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान बागेत सुमारे 11 सेकंद उडवलं. त्याच्याच धर्तीचं उडतं खेळणं पुढे राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलं होतं.

आपण पिळाशिवाय सुरुवात करू. 30 सेंटिमीटरची बांबूची सरळ कामटी घ्या. जाड कार्डशीटचा 30 बाय 6 सेंटिमीटरचा पंख कापा, मधोमध किंचित दुमडून दोन्ही टोकं थोडी वर उचला. त्यानं विमान कलंडलं तरी सावरतं. पंख कामटीच्या पुढच्या भागात चिकटवा. मागे 10 बाय 4 ची आडवी शेपटी आणि एक छोटी उभी पट्टी लावा. नाकाला ओली माती लावत जा. पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर, दोन बोटांच्या टोकांवर विमान समतोल राहिलं पाहिजे.

वारा नसताना, सकाळी, खांद्याच्या उंचीवरून हळूच सोडा. भिरकावू नका; मुलं हमखास तेच करतात. नाक वर करून मग आपटलं तर माती वाढवा, थेट खाली घुसलं तर कमी करा. एका वेळी चिमूटभरच, आणि एकच बदल. दोन बदल एकदम केले की कशानं सुधारलं ते कळत नाही.

आमची अडचण जागेची. शिवाजी पार्कवर एक कोपरा रिकामा मिळेल तर शपथ. तुमच्याकडे कापणी झालेली शेतं आहेत. दुपारी घार पंख न हलवता घिरट्या घालते ना, तिथे तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढत असते. हलकं विमान त्या हवेत सापडलं तर दिसेनासं होतं. विमानांच्या स्पर्धांत म्हणूनच ठरावीक वेळाने शेपटी वर उचलून ते खाली आणायची सोय असते.

एनसीसीच्या हवाई विभागात असं विमान बनवणं शिकवतात, मुलींनाही. शाळेत चौकशी करा. मुलगी “मी पतंगाची फिरकी धरते” म्हणाली तर विमान तिच्याच हातात द्या.

आणि पंखावर नाव, गाव लिहायला विसरू नका. शेजारच्या शिवारात गेलं तर परत मिळेल.