एकशे चाळीस कोटी भागिले सहा

ऑलिंपिक संपलं की आपल्याकडे एक त्रैराशिक हमखास मांडलं जातं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतरही ते मांडलं गेलं. माणसं १४० कोटी, पदकं ६, म्हणजे एका पदकामागे साधारण २३ कोटी माणसं. त्या सहांत सुवर्ण एकही नाही, एक रौप्य आणि पाच कांस्य. पदकतालिकेत आपण ७१ वे. यातला एकही आकडा खोटा नाही. पण मंडळी भागाकारापाशीच थांबतात आणि हळहळत चहा घ्यायला उठतात. गणित पुढे नेलं तर खरी गंमत सुरू होते.

कॅरिबियन समुद्रात डोमिनिका नावाचं बेट आहे, लोकसंख्या सुमारे ७० हजार. आपल्याकडे तालुक्याच्या गावात एवढी वस्ती असते. तिथल्या थिया लाफाँने तिहेरी उडीत १५.०२ मीटरची झेप घेऊन सुवर्ण नेलं. शेजारच्या ग्रेनाडाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, त्यांना दोन कांस्यं मिळाली. त्यातलं एक अँडरसन पीटर्सचं, नीरज चोप्राच्याच भालाफेकीतलं. आता ग्रेनाडाचा दर भारताला लावा. आपल्या वाट्याला तेवीस-चोवीस हजार पदकं यायला हवीत! न्यूझीलंडचा दर लावला (५३ लाख माणसं, २० पदकं), तरी पाच हजारांवर. पॅरिसमध्ये स्पर्धाप्रकार होते ३२९ आणि सोनं, चांदी, कांसं सगळं धरून वाटली गेलेली पदकं हजाराच्या जरा वर. म्हणजे जगातलं प्रत्येक पदक आपण जिंकलं असतं, तरी न्यूझीलंडच्या हिशेबाने आपण नापासच.

हे असं होतं, कारण ऑलिंपिकला लोकसंख्येशी काही देणंघेणं नाही. कुस्तीच्या एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल उतरतो, मग मागे ७० हजार असोत की १४० कोटी. धावण्याच्या शर्यतीत जास्तीत जास्त तीन, पोहण्यात दोन. हे कुंपण सगळ्यांना सारखंच. त्यामुळे मोठ्या देशाला मोठेपणाचा फायदा मिळतो तो एकाच वाटेने, जास्तीत जास्त दारांतून आत शिरून. अमेरिकेची १२६ आणि चीनची ९१ पदकं अशीच जमली. तेव्हा मोजायचंच असेल तर माणसं नकोत, दारं मोजा.

पॅरिसला आपले ११७ खेळाडू गेले, १६ खेळांत. त्यातले ६९ फक्त तीन खेळांचे, म्हणजे अॅथलेटिक्स, नेमबाजी आणि हॉकी. आता उरलेल्या इमारतीत फेरफटका मारू. सायकलिंगचे २२ प्रकार, आपला एकही स्पर्धक नाही. जिम्नॅस्टिक्सचे १८, कोणी नाही. कनूइंग १६, तलवारबाजी १२, तायक्वांदो ८, तिथेही कोणी नाही. हे झाले ७६ प्रकार, म्हणजे जवळपास पाव ऑलिंपिक, जिथे आपण नुसते प्रेक्षक होतो. तलावातल्या जलतरणाचे ३५ प्रकार होते आणि आपले जलतरणपटू दोन, श्रीहरी नटराज आणि १४ वर्षांची धिनिधी देसिंगू. दोघंही एकेका शर्यतीत उतरले आणि दोघांनाही प्रवेश मिळाला तो ज्या देशांचा कोणीच पात्र ठरत नाही त्यांच्यासाठी राखलेल्या जागांमधून. छोटी छोटी बेटं ज्या दाराने आत येतात, त्याच दाराने. मला २३ कोटींच्या भागाकारापेक्षा ही गोष्ट जास्त टोचते.

पैशाचंही असंच आहे. पॅरिसच्या तयारीवर केंद्र सरकारने तीन वर्षांत सुमारे ४७० कोटी रुपये खर्च केल्याचं जाहीर झालं. पदकामागे ७८ कोटी पडले, अशी लगेच ओरड झाली. हा आकडा आयपीएलच्या शेजारी ठेवून बघा. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क विकले गेले ४८,३९० कोटींना, ४१० सामन्यांसाठी. एका सामन्याचे झाले ११८ कोटी. सोळा खेळांची तीन वर्षांची तयारी आणि चार संध्याकाळचं क्रिकेट, दोन्हींची किंमत एकच! एक पैसा सरकारचा, दुसरा बाजाराचा, हे मान्य. तुलना अगदी तंतोतंत नाही. तरी बोट आपोआप तोंडात जातं.

कोटींचे आकडे इथे ठेवू आणि दुसऱ्या टोकाला जाऊ, कारण मैदानावरचे आकडे भलतेच बारीक असतात. मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य जिंकलं ते २२१.७ गुणांवर. त्या क्षणी तिच्या पुढच्या कोरियन नेमबाजाचे गुण होते २२१.८. मीराबाई चानूने १९९ किलो उचलले, कांस्य गेलं २०० किलोला. स्कीट नेमबाजीच्या मिश्र सांघिक कांस्यलढतीत आपण ४३, चीन ४४. चौथ्या क्रमांकावर आपण पॅरिसमध्ये सहा वेळा आलो. पदकं सहा आणि हातातोंडाशी येऊन निसटलेले घासही सहाच.

विनेश फोगाटची गोष्ट तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. पहिल्याच फेरीत तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जी तोवर ८२ आंतरराष्ट्रीय कुस्त्यांत एकदाही हरली नव्हती. त्याच दिवशी आणखी दोन कुस्त्या जिंकून विनेश अंतिम फेरीत पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरले. पाचशेत एक भाग. नियम असा की वजनात बसला नाही तर आधीच्या विजयांसकट सगळंच रद्द, आणि क्रमांक अगदी तळाचा. रौप्य नक्की झालेली मल्ल एका रात्रीत यादीच्या शेवटी गेली.

नीरजचा हिशेब वेगळाच. टोकियोत ८७.५८ मीटरला सुवर्ण मिळालं होतं. पॅरिसमध्ये त्याने त्याहून जवळजवळ दोन मीटर लांब, ८९.४५ वर भाला टाकला आणि मिळालं रौप्य. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर टाकून ऑलिंपिक विक्रमच मोडला, त्याला कोण काय करणार? नीरजच्या सहा फेकींपैकी पाच फाउल होत्या. आपलं त्या ऑलिंपिकमधलं एकमेव रौप्य एका वैध फेकीवर उभं आहे.

आणि स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन हा त्याचा प्रकार. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून नेम धरायचा. समोर ५० मीटरवर लक्ष्य असतं, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. (१० मीटर एअर रायफलमध्ये, जिथे अर्जुन बबुताचं पदक हुकलं, दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. बॉलपेन कागदावर टेकवल्यावर पडतो तेवढासा डाग.) पात्रता फेरीत स्वप्नीलने ६० गोळ्यांत ६०० पैकी ५९० गुण मिळवले, तरी आठांत तो सातवा. अंतिम फेरीत त्याचे गुण झाले ४५१.४ आणि गोळीमागे सरासरी पडली १०.२ च्या वर. उभ्याने नेम धरण्याची पाळी शेवटी येते, तेव्हा रायफलचा सगळा भार हातांवर असतो आणि छातीतला ठोकासुद्धा नळीपर्यंत पोहोचतो. तिथेच तो वर सरकला आणि कांस्य घेऊन आला.

महाराष्ट्राचं हे ऑलिंपिकमधलं दुसरं वैयक्तिक पदक. पहिलं १९५२ चं, हेलसिंकीतलं, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापुरात अजून सांगतात. दोन पदकांत अंतर ७२ वर्षांचं. देशाचा हिशेबही फार वेगळा नाही. खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. १९०० पासून आजवर आपली सगळी मिळून पदकं ४१, त्यात सुवर्णं १०. एकट्या मायकल फेल्प्सची पदकं २८ आणि सुवर्णं २३.

इतकं वाचून मन खट्टू झालं असेल तर त्याच पॅरिसमध्ये तीन आठवड्यांनी काय झालं ते बघा. पॅरालिंपिकला आपले ८४ खेळाडू गेले आणि २९ पदकं घेऊन आले. सात सुवर्ण, नऊ रौप्य, तेरा कांस्य, क्रमांक १८ वा. ऑलिंपिकमध्ये साधारण वीस खेळाडूंमागे एक पदक, इथे तीन खेळाडूंमागे एक. अपंगत्वाच्या प्रकारानुसार गट पडतात, म्हणून तिथे स्पर्धाप्रकारही ५४९ होते, ही गोष्ट हिशेबात धरायलाच हवी. पण स्पर्धाप्रकार आधीच्या वेळीही शेकड्यांनीच होते. १९६८ ते २०१६ या जवळपास पन्नास वर्षांत आपली पॅरालिंपिक पदकं होती १२. मग टोकियोत १९, पॅरिसमध्ये २९. देश तोच, कुंपणाचे नियमही तसेच. फक्त दोन स्पर्धांत आधीच्या अर्धशतकाच्या चौपट. आणि ही २९ पदकं आली अवघ्या पाच खेळांतून, त्यातली १७ अॅथलेटिक्समधून. म्हणजे बाकीची दारं तिथेही अजून बंदच आहेत.

त्या सतरांत एक सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचं आहे. गोळाफेकीत १६.३२ मीटर, रौप्य. सुवर्ण १६.३८ ला गेलं, सहा सेंटिमीटरनं. त्याच जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात नऊ गोळ्या लागलेला हा जवान १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहला, वेळ ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम आणि सुवर्ण. ऑलिंपिक-पॅरालिंपिक दोन्ही धरून भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कार दिले गेले, तेव्हा यादीत स्वप्नील कुसाळे होता, सचिन खिलारी होता आणि जीवनगौरव विभागात पेटकरही होते. पहिल्या दोघांना पदकानंतर काही महिने थांबावं लागलं. पेटकरांना ५२ वर्षं.