पहिलं सुवर्ण कुणाचं?

भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण म्हटलं की २००८ चा अभिनव बिंद्राच आठवतो. ऑलिंपिकपुरतं ते बरोबर. पण त्याआधी ३६ वर्षं, १९७२ मध्ये, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण आणलं होतं. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचा हा जवान मूळचा बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून.

कुणी म्हणेल, पॅरालिंपिक वेगळं, तुलना कशाला? वेगळं आहेच, म्हणून तर अपंगत्वानुसार गट पाडतात. घड्याळ मात्र कुणाला सवलत देत नाही! पुढे पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली थेट २०१८ मध्ये. या उशिराचं समर्थन मला तरी सापडत नाही. तुम्हाला सापडलं, किंवा काही विचारायचं असेल, तर जरूर लिहा.