चूक झाली, पण सांगायची कुणी?

शिवडीत जेरबाई वाडिया रोडवर महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये तिथला एक रुग्ण बेपत्ता झाला. रुग्णालयाने पोलिसांत कळवलं. दोन आठवड्यांनी त्याचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला आणि पाठोपाठ 40 कर्मचाऱ्यांना नोटिसा निघाल्याची बातमी आली. वाचणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडला होता: इतक्या दिवसांत कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

त्या 40 जणांपैकी कुणाचं काय चुकलं, याचा निवाडा बाहेर बसून करणं बरं नव्हे. क्षयरोग्यांच्या सहवासात रोज आठ तास काढणारी ही माणसं स्वतःच्या फुप्फुसांची जोखीम पत्करून काम करतात, हे आधी लक्षात ठेवायला हवं. मला विचार करायला लावतो तो नोटिशीचा आकडा. एका घटनेबद्दल 40 जणांना वेगवेगळा खुलासा विचारला, की 40 कागद जमा होतात आणि प्रत्येक कागद साहजिकच एवढंच सांगतो की माझ्या वाट्याचं काम मी केलं होतं. ते सगळे खुलासे खरे असले, तरी त्यांची चळत रचून घटना उभी राहत नाही. माणूस नजरेआड झाला तो नेमका कोणत्या दोन कामांच्या मधल्या फटीतून, हे सांगणं त्यातल्या कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं.

आपल्याकडच्या ‘कारणे दाखवा’ नोटिशीचा मजकूर सरकारी नोकरी केलेल्याला पाठ असतो. कर्तव्यात कसूर झाल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये याचा लेखी खुलासा अमुक तासांत सादर करावा. हे कसं घडलं, असं त्यात कुठेही विचारलेलं नाही. तुला शिक्षा का करू नये, एवढंच विचारलं आहे. प्रश्न असा असेल तर उत्तर बचावाचंच येणार. मग युनियनच्या जुन्याजाणत्या माणसाकडून खुलासा लिहून घ्यायचा, ‘सदर बाब अनवधानाने घडली’ असं त्यात घालायचं आणि खाली सही ठोकायची. चूक झाली हे मान्य होतं, पण ती केली कुणी आणि कशी, हे त्या वाक्यात सापडत नाही.

कामाच्या ठिकाणी लोक चुका कबूल का करत नाहीत, याबद्दल आपल्या मनात काही पक्के समज आहेत. त्यातले बरेचसे तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

समज: चूक लपवणारा माणूस मुळातच अप्रामाणिक

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात अन्यायकारक समज हाच. दुसऱ्याच्या हिशेबातले जास्त आलेले पैसे परत करणारा कारकूनही स्वतःच्या हातून चुकलेली नोंद साहेबांना सांगताना दहादा विचार करतो. त्याला पैशाचा मोह नसतो. मागच्या वेळी ज्याने सांगितलं त्याचं काय झालं, हे त्याने पाहिलेलं असतं. त्याची बदली झाली, वेतनवाढ रोखली गेली, गोपनीय अहवालात शेरा बसला आणि पुढची तीन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये त्याचंच उदाहरण दिलं गेलं. कंत्राटी कामगाराला तर नोटीसही लागत नाही. मुदत संपली की कंत्राटाचं नूतनीकरण होत नाही, आणि कारण विचारायची सोय नसते. अशा जागी गप्प बसणं हा साधा व्यवहार असतो.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलं की, ‘मी चांगला कामगार आहे’ आणि ‘मी हे बिघडवलं’ अशा दोन गोष्टी मनात एकमेकींना भिडल्या, की माणूस अस्वस्थ होतो आणि त्यातली एक गोष्ट वाकवून घेतो. बहुतेक वेळा वाकते ती दुसरी. सूचनाच स्पष्ट नव्हती, घाई होती, मशीनच खराब होतं. दोन दिवसांनी त्याला खरोखरच तसं वाटू लागतं. तो खोटं बोलत नसतो. म्हणून चूक विचारायची तर लगेच विचारावी, आठवण ताजी असताना.

समज: शिक्षा कडक असली की चुका कमी होतात

याचा दीर्घ प्रयोग शिवडी-परळ-लालबागच्या गिरण्यांत होऊन गेला आहे. साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, कापडात दोष निघाला की साचेवाल्याला, म्हणजे माग चालवणाऱ्याला, दंड होई. कित्येक गिरण्यांत तर ते खराब कापड त्याच्याच माथी मारून किंमत पगारातून कापून घेत. 1920 च्या दशकातल्या संपांत या प्रथेबद्दलचा संताप पुन्हा पुन्हा वर आला. सूत निकृष्ट असेल, साचा जुना असेल, हवेतला दमटपणा कमी पडला असेल, तरी भुर्दंड शेवटी हात लावणाऱ्याच्या खिशावर. अखेर 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला मर्यादा घातली: महिन्याच्या वेतनाच्या रुपयामागे अर्धा आणा, म्हणजे जवळपास तीन टक्के. आधी बाजू मांडायची संधी द्यायची आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करायची, हेही त्यात आलं.

दंडाने कापड सुधारल्याचं कुणी दाखवून दिलेलं नाही. भीतीने काय होतं हे मात्र कामगाराच्या जागी उभं राहिलं की कळतं. दोष दिसताच साचा थांबवून ओरडणारा स्वतःहून पकडला जातो. न ओरडणारा कदाचित सुटतो. शिक्षेमुळे चुकांचा आकडा घटतो, पण तो वहीतला.

समज: जिथे चुकांच्या नोंदी जास्त, तो विभाग ढिसाळ

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या आठ विभागांत औषध देण्यातल्या चुका तपासल्या. चांगल्या नेतृत्वाच्या, एकोप्याने चालणाऱ्या विभागात चुका कमी सापडतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले: तिथेच जास्त चुका नोंदलेल्या होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या विभागांतल्या परिचारिका चुका बोलून दाखवत होत्या, वेळीच पकडत होत्या. दरारा असलेल्या विभागात चुका घडत असूनही वहीपर्यंत पोहोचत नव्हत्या.

महिन्याच्या अहवालात ‘त्रुटी: निरंक’ वाचून समाधान मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे मनावर घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. शेकडो खाटांच्या रुग्णालयात महिनाभर एकही चूक झाली नाही, असा कागद आला तर काळजी वाटायला हवी.

समज: दोषी ठरला, फाइल बंद झाली, म्हणजे चूक सापडली

शिवडीहून परळकडे निघालं की आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था लागते. तिच्या नावामागची कहाणी या समजाचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाल्देमार हाफकिन मूळचे ओडेसाचे. मुंबईत 1896 मध्ये प्लेग पसरला तेव्हा सरकारने त्यांना इथे बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. तिथून देशभर लस जाऊ लागली. मागणी इतकी वाढली, की हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत घेतली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ती रुळलेली होती, ब्रिटिश अधिकाऱ्यांना अनोळखी होती.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना लस टोचली. पाच बाटल्या वापरल्या होत्या. त्यातल्या ‘53-एन’ क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेल्या 19 जणांना सुमारे आठवड्याने धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेल्यांना काहीही झालं नाही.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष होते मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. बाटली गावात उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असा निष्कर्ष निघाला. पद्धत नवी होती, ती बदलणारा माणूस परदेशी होता, आणि त्याच्याकडे वैद्यकाची पदवीही नव्हती. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आलं.

प्रत्यक्षात काय झालं होतं? बाटलीचं बूच ज्या चिमट्याने काढायचं तो मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. त्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून तोच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली परळलाच नासली असती, तर त्यात वाढलेल्या जंतूंमुळे उघडताना घाण वास आला असता आणि त्यांचं विष आधीच तयार असल्याने लक्षणंही फार लवकर दिसली असती. तसं काहीच झालं नव्हतं. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे मुद्दे लावून धरले, लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जुलै 1907 मध्ये सह्यांचं पत्र छापून आलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. मधे पाच वर्षं गेली. पंजाबातली मोठी लसमोहीम कोलमडली होती, आणि नेमक्या त्याच वर्षांत प्लेगने देशात लाखोंचे बळी घेतले.

मला त्या मदतनिसाचा क्षण विसरता येत नाही. समोर टोचून घ्यायला आलेले गावकरी, बाजूला साहेब डॉक्टर, हातातून निसटलेला चिमटा. ‘थांबा, हा पडलाय’ एवढं म्हणायला काही सेकंद लागले असते आणि चिमटा ज्योतीवर धरायला आणखी थोडे. तो का थांबला नाही हे सांगायला आता कुणी नाही, आणि त्याला खलनायक करण्यातही अर्थ नाही. पडलेला चिमटा पुन्हा कसा वापरायचा याची त्याला कितपत शिकवण मिळाली होती? साहेबांसमोर काम थांबवायची त्याला मुभा होती का? चौकशीचा सगळा जोर ‘प्रयोगशाळा की गाव’ यावर गेला आणि ते प्रश्न मागे पडले.

हाफकिन 1907 मध्ये भारतात परतले, पण कोलकात्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. तिला त्यांचं नाव मिळालं 1925 मध्ये.

समज: चूक मान्य केली की कोर्टात सापडलोच

डॉक्टर मंडळींत ही भीती खरी आहे आणि तिला आधारही आहे. रुग्ण दगावला की नातेवाईक, पोलीस, वकील अशी रांग लागते. तरी दोन गोष्टी नोंदवाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं, की साधी चूक किंवा निर्णयातली गफलत म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे, त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो. नुकसानभरपाईचे दावे वेगळे, ते होऊ शकतात.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांची. 2001 पासून तिथे चूक झाली तर रुग्णाला स्वतःहून सांगायचं, माफी मागायची आणि योग्य भरपाई देऊ करायची, असं धोरण आलं. दाव्यांचा पूर येईल अशी भीती होती. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दर लाख रुग्णभेटींमागे नव्या दाव्यांचं प्रमाण 7.03 वरून 4.52 वर आलं, आणि दावे लवकर मिटू लागले. नातेवाइकांना पैशाइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, नेमकं काय झालं ते कळायला हवं असतं. दार बंद दिसलं की ते कोर्टाचं दार ठोठावतात.

समज: कबूल करणाऱ्याला सोडायचं म्हणजे सगळ्यांना रान मोकळं

अमेरिकेत 1976 पासून विमान वाहतुकीतल्या चुका कळवण्याची एक व्यवस्था चालू आहे. ती ‘नासा’ चालवते, वैमानिकांवर कारवाई करणारी यंत्रणा नव्हे. हा सुटेपणाच त्या व्यवस्थेचा कणा आहे. ज्याच्या हातात शिक्षेची छडी आहे त्याच्याच कानात चूक सांगायची, ही अपेक्षा तिथे ठेवलेली नाही. वैमानिक, हवाई नियंत्रक, विमानाची देखभाल करणारे, कुणीही कळवू शकतं. घटनेपासून 10 दिवसांत कळवलं आणि चूक अनवधानाने झालेली असली, तर सहसा दंड किंवा परवाना निलंबन होत नाही. कळवणाऱ्याचं नाव असलेली पट्टी कागदापासून फाडून, तारखेचा शिक्का मारून त्याच्याकडेच परत पाठवतात.

पण मुद्दाम केलेलं उल्लंघन, गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना हे संरक्षण नाही. नशेत कामावर येणं, खोटी सही करणं, तपासणी न करताच रजिस्टरमध्ये ‘तपासलं’ लिहिणं यांना चूक म्हणून पदराखाली घालायचं कारण नाही. हातातून चिमटा पडणं वेगळं, आणि पडलाच नव्हता असं दुसऱ्याकडून लिहून घेणं वेगळं. शिवडीच्या वॉर्डात असो की परळच्या प्रयोगशाळेत, ही रेघ आधी ओढून सगळ्यांना दाखवून ठेवावी लागते. घटना घडून गेल्यावर, वर्तमानपत्रांत बातम्या आल्यावर आणि वरून फोन सुरू झाल्यावर ती सरळ ओढली जात नाही.