पंचेचाळीस चिंचोके



गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटापुढे एक अर्ज आला. आमच्यातल्याच एकीला बारा हजार रुपये कर्ज हवं होतं. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, तर तीन वर्षांच्या मुलीच्या फीसाठी. तालुक्याच्या गावी नवी शाळा निघालीय. पाटीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलंय, गाडी दारात येते. “माझी पोर मागं राहायला नको,” एवढंच ती म्हणाली. त्यात तिचं चुकलं काहीच नव्हतं. पण मॉन्टेसरी म्हणजे नेमकं काय, हे आमच्यातल्या कुणालाच नीट सांगता येईना. आणि गंमत बघा, आम्ही चौघी लहानपणी तसल्याच बालवाडीत गेलो होतो! म्हणून आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलं.

मॉन्टेसरी हे एका बाईंचं आडनाव. मारिया मॉन्टेसरी 1870 साली इटलीत जन्मल्या आणि शिकून डॉक्टर झाल्या. 1907 साली रोम शहरातल्या सान लोरेन्झो नावाच्या कामगार वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. आईबाप कामावर गेले की तिथली पोरं इमारतीत मोकाट फिरायची, भिंती खराब करायची. मालकांना त्यांची काहीतरी सोय लावायची होती. म्हणजे हे शिक्षण श्रीमंतांच्या बंगल्यात नाही, आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या मुलांत जन्मलं. बाईंनी पाहिलं, की हाताला योग्य काम मिळालं तर तीन-चार वर्षांचं मूलसुद्धा ते मन लावून, पुन्हा पुन्हा करतं. त्याला मार लागत नाही आणि बक्षीसही लागत नाही. 1939 साली त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या.

पण आपल्याकडे हे काम त्याच्या आधीच सुरू झालं होतं. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंना पुढे दिसलं, की विकत आणायची साधनं महाग आहेत, खेड्यातल्या शाळेला ती परवडायची नाहीत. 1945 साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथं त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. आपल्या अंगणवाडीचं मूळ इथं आहे. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली 2 ऑक्टोबर 1975 ला. त्याच्या तीस वर्षं आधी या बायकांनी अंगणात पोरं गोळा केली होती.

आता आमच्या बालवाडीचं सांगतो. देवळाच्या ओसरीवर भरायची, मुलं वीस-बावीस. तीन वर्षांची आणि सहा वर्षांची एकत्रच बसायची. बाई फार बोलायच्या नाहीत. सकाळी गेलं की फळीवरून आपलं काम आपण उचलायचं, चटईवर बसून करायचं आणि झालं की जागच्या जागी ठेवायचं. एक पेला ज्वारी दुसऱ्या पेल्यात ओतायची. जमलं की मग पाणी. सांडलं तर बाई ओरडायच्या नाहीत, कोपऱ्यातलं फडकं दाखवायच्या. आपण सांडलं, आपण पुसायचं.

आम्हाला सगळ्यात जास्त आठवतात ते चिंचोके. दहा खणांची एक पेटी होती, खणांवर शून्य ते नऊ आकडे. एकच्या खणात एक चिंचोका, दोनच्या खणात दोन, असं नऊपर्यंत टाकायचं. शून्याचा खण रिकामा. सगळे मिळून बरोबर पंचेचाळीस चिंचोके असायचे. शेवटी एखादा उरला किंवा कमी पडला, की आपलं कुठंतरी चुकलंय हे बाईंनी न सांगता कळायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. मॉन्टेसरीचं मर्म हेच आहे मैत्रिणींनो. चूक मोठ्यांनी दाखवायची नाही, मुलानं स्वतः शोधायची, स्वतः दुरुस्त करायची.

याचा पुढं काय उपयोग झाला? आमच्यातली कुणी कलेक्टर झाली नाही. एकीचं शिक्षण दहावीलाच सुटलं. पण गटाची वही तीच लिहिते. महिन्याच्या हिशेबात वीस रुपयांचा फरक आला तर ती घाबरत नाही, लपवत नाही आणि पदरचे वीस रुपये टाकून मोकळीही होत नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा बेरीज करते. आम्ही तिला विचारलं तर हसून म्हणाली, “चिंचोका कुठंतरी उरलाय, तो शोधायचा.” दुसरीची टपरी आहे, ती संध्याकाळी प्रत्येक वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय घरी जात नाही. सगळंच बालवाडीनं दिलं असं आम्ही म्हणणार नाही, घरचं वळणही असतंच. पण चुकलं तर जग बुडत नाही, पुन्हा करता येतं, हे आम्ही त्या ओसरीवर शिकलो. बँकेत पहिल्यांदा स्लिप भरताना ते कामी आलं.

आता अर्जाकडे वळू. पाटीवर मॉन्टेसरी हे नाव कुणीही लावू शकतं. म्हणून आम्ही त्या मैत्रिणीला घेऊन ती शाळा बघायला गेलो. तीन वर्षांची मुलं बाकांवर ओळीत बसून वहीत अक्षरं गिरवत होती. रंगीत साधनं काचेच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप. येताना आम्ही आपल्या अंगणवाडीतही गेलो. तिथं ताई एकटी, पुढ्यात रजिस्टरांचा ढीग. मुलं खिचडीची वाट बघत बसलेली. मैत्रीण म्हणाली, “मग सांगा, कुठं घालू पोरीला?” तिचा प्रश्न खरा होता.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शालापूर्व शिक्षण हे अंगणवाडीचंच काम आहे. पण नुसता हक्क सांगून भागत नाही. म्हणून ताईशी बोलून आम्ही ठरवलं, की आठवड्यातून दोन दिवस गटातल्या दोघीजणी दोन तास तिथं बसायचं. साधनंही आम्हीच केली. तुम्हालाही जमतील. जुन्या ब्लाउजची हुकांची पट्टी आणि शर्टाची बटणपट्टी लाकडी चौकटीला ठोकायची. बटण लावणं, काढणं हा बोटांचा व्यायाम, तोच पुढं पेन्सिल धरायला उपयोगी पडतो. पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरची अक्षरं कापून चिकटवायची. मुलानं त्यावरून दोन बोटं फिरवत अक्षराचा आवाज काढायचा. हाताला वळण आधी कळतं, लिहिणं मागून येतं. काड्यापेट्यांची खोकी चिकटवून दहा खण करायचे आणि पंचेचाळीस चिंचोके मोजून ठेवायचे. मात्र नाका-तोंडात वस्तू घालणाऱ्या लहानग्यांच्या हाती चिंचोके देऊ नका, आणि मोठी मुलं खेळतानाही जवळ बसा.

कुठलीही शाळा बघायला गेलात तर नाव नका बघू. साधनं मुलाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर आहेत का? मूल आपलं काम आपण निवडतं का? पाणी सांडलं तर बाई काय करतात? या तीन गोष्टी बघा. फी त्यानंतर विचारा.

मैत्रिणीचा अर्ज आम्ही फेटाळलेला नाही. कर्जावर तिचा हक्क आहे आणि पोर तिची आहे. तिनंच तो जूनपर्यंत थांबवून ठेवलाय. “तोवर अंगणवाडीचं काय होतंय ते बघते,” म्हणाली. म्हणजे आमच्या हातात अडीच महिने आहेत. गेल्या शुक्रवारी तिची मुलगी पेटीपुढं बसली होती. शेवटी तिच्याकडे दोन चिंचोके उरले. तिनं आमच्याकडं पाहिलं, आम्ही काही बोललो नाही. मग तिनं सगळे खण जमिनीवर रिकामे केले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. आई दारात उभी राहून बघत होती.

तुमच्या गावच्या अंगणवाडीत या आठवड्यात एकदा तरी जाऊन बसा.